पर्वरीच्या सोसायटीला सिक्युरिटी एजन्सी नेमायची आहे, आयएसओचे शिक्के किती धरायचे?

प्रश्न गोव्यातल्या पर्वरीच्या एका हाउसिंग सोसायटीच्या सचिवबाईंचा आहे. ८४ फ्लॅट, दोन गेट, दोन्ही चोवीस तास. जुन्या एजन्सीचे कंत्राट महिनाअखेर संपते आणि तीन नवी कोटेशने आली आहेत. सर्वांत स्वस्त एजन्सीच्या लेटरहेडवर आयएसओ ९००१, आयएसओ १८७८८, ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’, कॅप्सीचे सदस्यत्व आणि एमएसएमई असे पाच शिक्के आहेत. ती चार गार्ड देते, बारा तासांची ड्युटी. दुसरीकडे एकच आयएसओ. तिसरी फोंड्याची छोटी एजन्सी, तिच्याकडे फक्त ‘पसारा’ नावाचा सरकारी परवाना, ती सात माणसे मागते आणि तिचा दर सर्वांत जास्त. कमिटीतले बहुतेक जण पहिलीच्या बाजूने आहेत. सचिवबाई विचारतात, यातला कायद्याने लागणारा शिक्का कोणता, ऐच्छिक कोणते, आणि खरेखोटे कसे ओळखायचे?

ताई, शिक्क्यांकडे वळण्याआधी तुमच्या कोटेशनातला एक आकडा घेऊ. दोन गेट, आठ तासांच्या रोज तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे ४२ पाळ्या. माणूस सहा दिवस काम करतो, सातव्या दिवशी सुटी घेतो. ४२ भागिले ६, सात माणसे. रजा, आजारपण, चवथीला गावी जाणे हे काहीच धरले नाही, तरी सात. पहिल्या एजन्सीची चार माणसे हेच काम करणार असतील तर प्रत्येकाला आठवड्याला ८४ तास उभे राहावे लागेल, सुटी नाही. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर आहे. म्हणजे एका माणसाला ४८ तासांचे सरळ आणि ३६ तासांचे दुप्पट, मिळून १२० तासांचे वेतन द्यावे लागते. चौघांचे ४८० तास. सात माणसे आठ-आठ तास उभी राहिली, सुटी घेतली, तर सर्वांचे मिळून ३३६ तासांचे वेतन होते. चार माणसांची योजना कायद्याप्रमाणे पगार देऊन चालवली तर ती सातांपेक्षा महाग पडते. मग ती स्वस्त कशी? ओव्हरटाइम द्यायचाच नाही असे कोटेशन लिहितानाच ठरलेले असते.

मी २४ वर्षे या धंद्यात आहे. आधी औषधांच्या कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर, मग एका एजन्सीत ऑपरेशन्स, आणि गेली नऊ वर्षे कारखान्यांसाठी आणि हॉटेलांसाठी एजन्सींचे ऑडिट करतो. एवढ्या वर्षांत माझी पद्धत उलटी झाली आहे. पूर्वी मी फाइल उघडून प्रमाणपत्रे पाहत असे आणि तिथून गेटवर जात असे. आता आधी गेटवर जातो, गार्डच्या पायातले बूट, हातातले रजिस्टर आणि त्याची पगाराची स्लिप पाहतो, आणि मग ऑफिसातली प्रमाणपत्रे त्याच्याशी जुळतात का ते बघतो. तुम्हीही त्याच क्रमाने जा.

आता कायदा. सिक्युरिटी एजन्सी म्हणून धंदा करायला खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ खाली परवाना लागतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात त्याला सगळे ‘पसारा’च म्हणतात. हा कायदा १४ मार्च २००६ पासून लागू आहे. कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही. चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना राज्याचा नियंत्रक अधिकारी देतो आणि तो पाच वर्षे चालतो. एका जिल्ह्यासाठी फी ५ हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार, संपूर्ण राज्यासाठी २५ हजार. त्यामुळे परवान्यावर राज्य कोणते आणि जिल्हा कोणता लिहिला आहे हे वाचायलाच हवे. सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या एजन्सीकडे महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकाचा परवाना असला तर तो त्या राज्यापुरता; हद्द ओलांडून गोव्यात आले की त्याचा उपयोग नाही. असे परवाने मी स्वतः तीनदा पकडले आहेत. तिन्ही वेळा झेरॉक्सवर राज्याचे नाव बरोबर घडीखाली गेलेले होते. मूळ परवाना मागा. तो किंवा त्याची प्रत एजन्सीच्या ऑफिसात दर्शनी जागी लावणे कलम १२ ने बंधनकारकच आहे, तेव्हा ‘फाइल हेड ऑफिसला आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. मुदतही पाहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करायचा असतो. महिन्यावर मुदत आली असेल तर अर्जाची पोच दाखवायला सांगा.

लेटरहेडवरचे ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’ म्हणजे हाच परवाना, वेगळे काही नाही. एमएसएमई ही उद्योगाच्या आकाराची नोंदणी आहे. पिठाच्या गिरणीलाही ती मिळते. कॅप्सी ही खासगी सुरक्षा उद्योगाची मध्यवर्ती संघटना. तिने या धंद्यासाठी काम केले आहे, पण वर्गणी भरून घेतलेले सदस्यत्व म्हणजे कुणी येऊन केलेली तपासणी नव्हे. हॉटेलात समारंभ करून वाटलेल्या ‘बेस्ट एजन्सी’च्या ट्रॉफ्याही त्याच रांगेत. तुमच्या पाचांपैकी तीन शिक्के इथेच बाजूला झाले.

परवान्याचा एक धागा बहुतेक सोसायट्यांना माहीत नसतो. या कायद्याला शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार अशा कामगार कायद्यांची यादी आहे, आणि त्यांचा भंग हे कलम १३ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे कारण आहे. म्हणजे गार्डचा पीएफ बुडवणारी एजन्सी गार्डचे नुकसान तर करतेच, शिवाय ज्या परवान्याच्या जोरावर ती तुमच्या गेटवर उभी आहे तोही धोक्यात घालते. म्हणून चार माणसांचा हिशेब मी सर्वांत आधी मांडला.

सोसायटीने स्वतःच्या पगारावर थेट वॉचमन ठेवला तर हा परवाना लागत नाही. तो एजन्सीला लागतो. पण मग पोलीस पडताळणी, बदली माणूस, पीएफ हे सगळे तुमच्या डोक्यावर येते. ८४ फ्लॅटच्या सोसायटीने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

गेटवर काय पाहायचे? केंद्राच्या आदर्श नियमांत गार्डच्या अंगावर काय असावे हे अगदी बारकाईने लिहिले आहे, आणि ते तपासायला एक पैसा लागत नाही. फोटो ओळखपत्र सर्वांत वरच्या कपड्यावर, कमरेच्या वर, सहज दिसेल असे. दंडावर एजन्सीचा बिल्ला. छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचा बिल्ला. डोरीला अडकवलेली शिट्टी, डाव्या खिशात. नाडीचे बूट. डोक्यावर टोपी. जवळ वही आणि पेन. या तिन्ही एजन्सी सध्या जिथे काम करतात त्या साइट्सची यादी मागा आणि न सांगता संध्याकाळी फिरून या. शिट्टी मागून पाहा. ज्या एजन्सीच्या पाच गार्डांपैकी चौघांच्या खिशात शिट्टी निघाली ती एजन्सी मी वाईट निघालेली पाहिलेली नाही. शिट्टी दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण ती खिशात असायला कुणीतरी फील्ड ऑफिसर रोज येऊन ती बघत असावा लागतो.

गणवेशाबद्दल आणखी एक. लष्कराचा, नौदलाचा, हवाई दलाचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भास होईल असा पोशाख खासगी गार्डला घालता येत नाही. कलम २१ प्रमाणे त्याला शिक्षा आहे आणि एजन्सीच्या मालकालाही. कळंगुट-बागा पट्ट्यात सीझनला कॅमोफ्लाज घातलेले बाउन्सर सर्रास दिसतात. कंत्राटदाराने पुरवलेला बाउन्सरही याच कायद्यात बसतो, कारण माणसाचे किंवा मालमत्तेचे रक्षण म्हणजे खासगी सुरक्षा, मग अंगात सफारी असो की काळा टी-शर्ट. तुमच्या सोसायटीच्या थर्टी-फर्स्टला कुणी बाउन्सर सुचवले तर त्यांच्या कंत्राटदाराचाही परवाना मागा.

प्रशिक्षणाकडे आता. केंद्राच्या आदर्श नियमांत नव्या गार्डसाठी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान २० दिवसांत, असे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते ४० आणि १६ तासांवर येते. अभ्यासक्रमात आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी हाताळणे, ओळखपत्रे तपासणे, एफआयआर कसा नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क हे सगळे आहे. शारीरिक निकषही आहेत: पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीची १५०, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणे, दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. प्रत्यक्षात पुष्कळ एजन्सी हे १६० तास अर्ध्या दिवसात उरकतात: गणवेश अंगावर चढवायचा, सलाम शिकवायचा, साइटवर सोडायचे. तपासायची सोपी खूण सांगतो. प्रशिक्षणाची पुस्तिका मागा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. पुस्तिकेत अजून जुनी कलमे असतील तर तेव्हापासून कुणी तिला हात लावलेला नाही.

गार्डला विचारायचा प्रश्न असा: ‘रात्री चोर धरलास तर काय करशील?’ ‘बांधून ठेवीन, सकाळी पोलिसांना बोलावू’ असे म्हणाला तर तो धोका तुमच्या सोसायटीलाच आहे. खासगी गार्डला कोणत्याही नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणसाने एखाद्याला पकडले तर विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. माझ्या ऑडिटमध्ये हा प्रश्न मी प्रत्येक गार्डला विचारतो आणि बरोबर उत्तर देणाऱ्याचे नाव अहवालात लिहितो. त्याच्या एजन्सीने कधीतरी कुणीतरी त्याला समोर बसवून शिकवले आहे हे त्यातून कळते.

आगीच्या तालमीची शेवटची तारीखही विचारा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ माणसे गेली. त्यानंतर गोव्यात कोणत्याही गेटवरच्या माणसाला अग्निशामक सिलिंडरची पिन कुठे असते, लिफ्ट कुठून बंद करायची आणि सोसायटीचे मागचे गेट कुणाच्या चावीने उघडते हे माहीत नसणे मी खपवून घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

गार्डच्या स्वतःच्या कौशल्याचेही प्रमाणपत्र असते. केंद्राच्या कौशल्य योजनेत ‘अनआर्म्ड सिक्युरिटी गार्ड’ असा अभ्यासक्रम आहे आणि त्याचे मूल्यमापन एमईपीएससी ही कौशल्य परिषद पाहते. ते प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असते, तो नोकरी बदलेल तिथे जाते. तुमच्या गेटवरच्या सातांपैकी चौघांकडे हे असेल तर मी ते एजन्सीच्या आयएसओपेक्षा वरचे धरीन.

आता आयएसओ, ज्यासाठी तुम्ही विचारले. आयएसओ ही संस्था मानके लिहिते, प्रमाणपत्र देत नाही. ‘आयएसओकडून प्रमाणित’ असे कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी, आणि त्या संस्थेला तपासणारी संस्था आणखी वेगळी. भारतात ते काम क्वालिटी कौन्सिलच्या अखत्यारीतले एनएबीसीबी हे मंडळ करते. परदेशी मंडळांनी मान्यता दिलेल्या संस्थाही इथे काम करतात, तेही ग्राह्य आहे. सोने घेताना आपण जसे हॉलमार्कचा क्रमांक बीआयएसच्या अॅपवर टाकून बघतो, तसाच प्रमाणपत्राचा क्रमांक ‘आयएएफ सर्टसर्च’ या शोधयंत्रात टाकून बघा. प्रमाणपत्रावर मान्यता देणाऱ्या मंडळाची खूणच नसेल, तर ते कुणा कन्सल्टंटने चार-पाच हजारांत छापून दिलेला कागद आहे असे समजा. बाजारात असे कागद भरपूर आहेत.

खूण असली तरी तीन ओळी नीट वाचा. पहिली, व्याप्ती. तिथे ‘सुरक्षा गार्ड सेवा’ लिहिलेले हवे. ‘हाउसकीपिंग आणि मनुष्यबळ पुरवठा’ असेल तर ते प्रमाणपत्र झाडूकामाचे आहे. दुसरी, पत्ता. मुंबई किंवा बेंगळुरूच्या हेड ऑफिसचा पत्ता असेल आणि गोव्याच्या शाखेचा नसेल, तर पणजीच्या ऑफिसात ऑडिटर फिरकलेलाच नाही. तिसरी, तारीख. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मध्ये दरवर्षी देखरेखीचे (सर्व्हेलन्स) ऑडिट होते. गेल्या ऑडिटचा अहवाल मागा, निदान त्यात निघालेल्या त्रुटींचे पान. ज्या एजन्सीच्या अहवालात एकही त्रुटी नाही तिच्यापेक्षा ज्या एजन्सीने दोन त्रुटी दाखवून त्या कशा भरून काढल्या हे सांगितले तिच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

९००१ काय तपासते? तुम्ही जी पद्धत लिहून ठेवली ती पाळता का, तक्रार आली तर नोंदवता का, तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून काही बदल करता का. चांगले मानक आहे, मनापासून राबवले तर एजन्सी सुधारते. पण गार्ड जागा आहे का, त्याचा पगार झाला का, हे ते थेट सांगत नाही. हे मला कसे कळले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यासाठी एजन्सी निवडायची होती. मी फाइल पाहिली, ९००१ चे प्रमाणपत्र अस्सल होते, मान्यतेची खूण होती, मी शिफारस केली. दोन महिन्यांनी रात्री सव्वादोनला मी न कळवता मागच्या गेटवर गेलो. पाऊस होता. गार्ड खुर्चीत बसलेला, बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय सुजून घोट्यापाशी गणवेशाची पँट घट्ट झालेली. टेबलावर ऑकरन्स बुक, म्हणजे पाळीतल्या घडामोडींची वही, उघडे होते आणि त्यात तीन, चार, पाच आणि सहा वाजताच्या फेऱ्यांपुढे ‘सर्व ठीक’ लिहून सह्या झालेल्या होत्या. मी घड्याळ पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. तो उठून उभा राहिला, पण बूट घालता येईनात. रिलिव्हर, म्हणजे पाळी घ्यायला येणारा दुसरा गार्ड, आला नव्हता, तो आदल्या दिवशी सकाळी सातपासून उभा होता. एकोणीस तास. मी विचारले, जेवलास का? म्हणाला, संध्याकाळी पाव खाल्ला. फील्ड ऑफिसरला फोन लावला तर तो म्हणाला, ‘सर, आमचे सर्व्हेलन्स ऑडिट गेल्याच महिन्यात क्लीन झाले आहे.’ तो खोटे बोलत नव्हता. ऑडिटर ऑफिसात बसून ड्युटी चार्ट, प्रशिक्षणाचे रजिस्टर, तक्रारवही पाहून गेला होता आणि कागद सगळे जागच्या जागी होते. त्या माणसाच्या सुजलेल्या पायांना कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. ती शिफारस माझ्या सहीने गेली होती, म्हणून तेव्हापासून रात्रीची साइट पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

आयएसओ १८७८८ ची गोष्ट निराळी आहे. हे २०१५ चे मानक खासगी सुरक्षा कंपन्यांसाठीच लिहिलेले आहे, पण त्याचे मूळ युद्धग्रस्त देशांत आहे. तिथे शस्त्रधारी खासगी कंपन्यांकडून जे घडले त्यानंतर २००८ साली देशांसाठी माँत्रो दस्तऐवज झाला, २०१० साली कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली, आणि त्यांच्या पायावर हे मानक उभे राहिले. त्यात बळाचा वापर कधी आणि किती, मानवी हक्कांना धोका कुठे, बाहेरच्या माणसाने तक्रार कुठे करायची, हे विचारले जाते. आपल्याकडच्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, मंडळींनी आखातातून येताना जहाजावर शस्त्रधारी रक्षक पाहिले असतील. त्यांच्यासाठी आयएसओ २८००७ असे आणखी एक मानक आहे. पर्वरीच्या सोसायटीला यातले काही लागत नाही. पण एजन्सीने ते लेटरहेडवर लावलेच आहे, तर तिला एवढेच विचारा: ‘तुमचा मानवी हक्क जोखीम आढावा दाखवा, आणि रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या गार्डविरुद्ध तक्रार करायची असेल तर कुठे करायची?’ ज्यांच्याकडे खरे १८७८८ आहे ते पाच मिनिटांत कागद समोर ठेवतात. बाकीचे ‘मॅडम, मेल करतो’ म्हणतात.

आयएसओ ४५००१ हे कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षेचे मानक, आणि एसए ८००० हे वेतन, कामाचे तास, सक्तीचे श्रम यांवरचे. गोव्यात छोट्या एजन्सींकडे हे क्वचितच दिसते. दिसले आणि खरे निघाले तर त्याला वजन द्या, कारण ही दोन्ही गार्डच्या अंगापर्यंत पोचतात. गेटवर पाहुण्यांचे फोन नंबर अॅपमध्ये घेतले जात असतील तर ती माहिती कुठे साठते आणि कधी पुसतात हेही लिहून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे त्याची जबाबदारी सोसायटीवरही येते.

पैशांवर परत येतो. वेतन १०० रुपये धरा. मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५, किमान बोनस ८.३३, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. बेरीज १२९ रुपये ३९ पैसे. यात रजेचा पगार, गणवेश, प्रशिक्षण, फील्ड ऑफिसरच्या स्कूटरचे पेट्रोल आणि एजन्सीचा नफा अजून आलेलाच नाही, आणि वर १८ टक्के जीएसटी. तिन्ही एजन्सींकडून हा तक्ता ओळीने मागा. गोव्याच्या चालू किमान वेतनाला तीस टक्केसुद्धा न जोडता कुणी दर देत असेल तर फरक कुणाच्या तरी खिशातून जाणार, आणि तो गार्डच असतो. एजन्सीने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी शेवटी ज्याच्या जागेवर काम झाले त्याच्याकडे येते. वेतन संहितेतही तेच आहे. तेव्हा स्वस्त कोटेशनातली बचत पुढे तुमच्याच दारात वसुलीला येऊ शकते.

पीएफच्या चलनाचा खेळही माहीत असू द्या. एजन्सी दर महिन्याला बिलासोबत चलनाची पावती जोडते, रक्कम मोठी असते, खजिनदार समाधानी होतो. पण ती सगळ्या कंपनीची एकत्रित रक्कम. तुमच्या गेटवरच्या सातांची नावे त्यात आहेत का? ईसीआरचे, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्राचे, नावांचे पान मागा आणि तुमच्या मस्टरशी जुळवा. त्याहून सोपे, गार्डला त्याच्या फोनवर उमंग अॅपमधून पासबुक उघडून दाखवायला सांगा. बहुतेकांनी ते कधी उघडलेले नसते. त्याला ते उघडायला शिकवणे हे सोसायटीने केलेले मोठे काम ठरेल.

माणसे टिकत नाहीत अशी तक्रार सगळ्या एजन्सी करतात. सत्तरी-डिचोलीची मुले आधी गोवा मनुष्यबळ विकास महामंडळात अर्ज टाकतात, कारण तिथे पगार वेळेवर होतो आणि सरकारी खात्यांत ड्युटी मिळते. खासगी एजन्सीकडे मग दूरच्या राज्यांतून आलेली मुले उरतात, एका खोलीत आठ-दहा जण राहतात. पोलीस पडताळणी झाली का एवढेच त्यांच्याबद्दल विचारून थांबू नका. ती राहतात कुठे हेही विचारा. गावाच्या वेशीवरच्या राखणदार देवाला आपण रोटाचा नैवेद्य द्यायला चुकत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या राखणदाराला निदान पंखा, संडास आणि पावसाळ्यात कोरडी केबिन द्या. हे एजन्सीचे काम नव्हे, तुमचे आहे, आणि चांगली एजन्सी कोटेशन देण्याआधी ते पाहायला येते. फोंड्याची एजन्सी साइट पाहून गेली का? गेली असेल तर तिला माझे दोन गुण जास्त.

माझा सल्ला असा. तिन्ही एजन्सींना सात माणसांवर, आठ तासांच्या पाळीवर, ओळीने तक्ता देऊन नवे कोटेशन द्यायला सांगा. पहिलीचा दर मग कुठे जातो ते कमिटीला दिसेल. कंत्राटात ही वाक्ये घाला: सलग दुसरी पाळी कुणालाही देणार नाही, रिलिव्हर आला नाही तर फील्ड ऑफिसर स्वतः पोस्टवर उभा राहील, वेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत बँक खात्यात जमा होईल आणि नावांसह ईसीआर आल्याशिवाय पुढचे बिल निघणार नाही, महिन्यातून दोन रात्री फील्ड ऑफिसर तपासणी करील आणि त्याची नोंद सोसायटीच्या वहीत वेळेसह होईल. त्या बदल्यात सोसायटीनेही बिल दहा दिवसांत चुकते करण्याचे लिहून द्यावे. एजन्सीचे पैसे तीन-तीन महिने अडकवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, आणि छोटी एजन्सी तिथेच मोडते.

जुन्या एजन्सीचे गार्ड जाताना त्यांची ओळखपत्रे परत झाली का, दोन्ही गेटच्या चाव्या आणि इंटरकॉमची यादी नव्यांच्या हाती आली का, हे महिनाअखेरच्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहून पाहा. पहिले आठ दिवस जुन्यातला एखादा अनुभवी माणूस नव्या एजन्सीच्या पगारावर ठेवता आला तर ठेवा; कोणत्या फ्लॅटमधले आजोबा पहाटे फिरायला निघतात आणि कोणती गाडी कुणाची, हे त्याला तोंडपाठ असते.